दोन रकान्यांत न मावणारे विष

घोड्याने काय खावे आणि काय खाऊ नये, हे सांगणाऱ्या याद्या बहुधा एकाच साच्याच्या असतात. डावीकडे 'सुरक्षित', उजवीकडे 'घातक'. विषारी वनस्पतींचे भित्तितक्तेही याच साच्यातून निघतात. अशा यादीचा उपयोग आम्ही नाकारत नाही. कण्हेर ओली असो वा वाळलेली, तिच्यातील द्रव्ये हृदयाची लय बिघडवतात आणि थोडी पानेही घोड्याच्या जिवावर बेततात. शिवाय घोड्याला ओकारी काढता येत नाही. पोटात गेलेले विष उलटून पडण्याची सोय नाही. इथे 'घातक' हा एक शब्द पुरतो.

आमचा आक्षेप वेगळा आहे. विषारीपणा हा फुलाच्या रंगासारखा वनस्पतीचा ठरलेला गुण आहे, असा समज ही यादी करून देते. प्रत्यक्षात तसे नाही.

ब्रिटनमधील कुरणांत रॅगवर्ट नावाचे पिवळ्या फुलांचे तण उगवते. ते कडू असल्याने ओले असताना घोडे सहसा त्याला तोंड लावत नाहीत. गवताबरोबर कापून वाळवले की कडूपणा कमी होतो, पण यकृत निकामी करणारी अल्कलॉइडे तशीच राहतात. मग घोडा ते मुकाट्याने खातो आणि लक्षणे दिसेपर्यंत कधी कधी महिने लोटतात. या तणाच्या नियंत्रणासाठी तिथे २००३ मध्ये स्वतंत्र कायदा करावा लागला. 'जनावरांना विष उपजत कळते' असे वर्गात सांगण्यापूर्वी हे उदाहरण आठवावे. घोडा कडू चव टाळतो. विष त्याला कळत नाही.

खाणारा कोण, हेही यादी विचारत नाही. आपल्याकडे गुरांसाठी लावले जाणारे नेपियर, म्हणजे हत्तीगवत, घ्या. त्यात ऑक्झलेट बरेच असते. गाई-म्हशींच्या पहिल्या पोटातील जिवाणू ते बऱ्याच अंशी मोडून टाकतात. घोड्याचे जिवाणू मात्र मोठ्या आतड्यात, लहान आतड्याच्या पुढे असतात. कॅल्शियम शोषले जाते ते लहान आतड्यात. तिथे ऑक्झलेट त्याला आधीच बांधून ठेवते. दीर्घकाळ केवळ असेच गवत मिळाले, तर शरीर हाडांतील कॅल्शियम काढू लागते आणि घोड्याचा चेहरा सुजल्यासारखा दिसतो. तेच गवत, पण शेजारच्या दावणीला निराळे.

मात्रेचेही तसेच. कोवळे हिरवे गवत प्रत्येक यादीत 'सुरक्षित' असते. पण ते एकाएकी भरपूर मिळाले, तर त्यातील शर्करांमुळे खुरांच्या आतील ऊतींना इजा होऊन घोडा लंगडू शकतो.

म्हणून यादी फाडून टाकू नये, वाढवावी. विद्यार्थ्यांकडून तिला चार रकाने जोडून घ्यावेत : कोणता भाग, ओला की वाळलेला, किती, आणि कोणासाठी. काही चौकटी रिकाम्या राहतील. त्या तशाच राहू द्याव्यात आणि भरण्यासाठी गावातल्या पशुवैद्याला व जनावरे पाळणाऱ्यांना प्रश्न विचारायला मुलांना पाठवावे. पाठ केलेल्या दोन रकान्यांपेक्षा अशी एक रिकामी चौकट अधिक विज्ञान शिकवते, असे आम्हाला वाटते.