डोळा की कळी?

काजू, अननस, पपई ही फळे पोर्तुगीजांबरोबर आपल्याकडे आली आणि येताना आपली नावेही घेऊन आली. मराठवाड्याच्या ओळखीची मोसंबी घ्या. तिचे नाव मोझांबिकवरून पडले असे मानतात आणि तो देश १९७५ पर्यंत पोर्तुगीजांच्या ताब्यात होता. फळांची नावे आली. झाड फुलण्याचे शब्द मात्र आले नाहीत. ते आपल्या शेतकऱ्याजवळ आधीच होते.

आज हे शब्द पुन्हा समोरासमोर येत आहेत. संत्र्याच्या उत्पादनात जगात आघाडीवर असलेल्या ब्राझीलची भाषा पोर्तुगीज. तेथील गोड संत्रे आणि आपली मोसंबी एकाच जातीची, सिट्रस सायनेन्सिस. त्यामुळे तेथील संशोधन आपल्या कामाचे आहे. ते आपल्यापर्यंत पोहोचते इंग्रजी भाषांतरातून, आणि माझी तक्रार या भाषांतरांबद्दल आहे.

पोर्तुगीजमध्ये ‘जेमा’ आणि ‘बोतांव’ असे दोन शब्द आहेत. जेमा म्हणजे पानाच्या बगलेतला, अजून निजलेला अंकुर. त्यातून पालवी फुटेल की फूल येईल, हे पाहून सांगता येत नाही. बोतांव म्हणजे उमलण्याच्या बेतात असलेली कळी. सदऱ्याच्या गुंडीला कोकणीत ‘बुतांव’ म्हणतात, तोच हा शब्द. इंग्रजी भाषांतरकार बहुधा दोन्हींसाठी एकच शब्द वापरतात: ‘बड’.

यात बिघडले कुठे? मोसंबीला आंबे बहारासाठी हिवाळ्यात पाणी तोडून ताण देतात. ताण आणि थंडी यांमुळे डोळ्याच्या आत फूल घडण्याची प्रक्रिया सुरू होते. बाहेरून काहीच दिसत नाही. ‘जेमा निजलेले असताना पाणी तोडावे’ हे वाक्य ‘बड असताना पाणी तोडावे’ असे झाले आणि वाचणाऱ्याने बड म्हणजे कळी असे घेतले, तर तो कळ्या दिसू लागल्यावर पाणी तोडील. त्या वेळी तर झाडाला पाण्याची गरज असते. कळ्या गळून पडतील. एका शब्दापायी वर्षाचे पीक जाऊ शकते.

दोष इंग्रजी भाषेचा नाही. फुलाची कळी आणि बगलेतला अंकुर यांसाठी तिच्यात वेगळी विशेषणे आहेत. ती गाळणे हा भाषांतरकाराचा आळस आहे. आपण मात्र त्याच्या पुढे गेलो. इंग्रजी ‘बड’साठी ‘कलिका’ हा एक संस्कृत शब्द ठरवला आणि संदिग्धता होती तशी मराठीत आणली. वास्तविक कलम बांधणारा माळी ‘डोळा भरतो’, कळी भरत नाही. डोळा म्हणजे जेमा आणि कळी म्हणजे बोतांव, इतका हा मेळ सरळ आहे.

दुसरे उदाहरण ‘पेगार’ या क्रियापदाचे. त्याचा अर्थ पकडणे, धरणे. फुलानंतर फळ टिकले की ब्राझीलमध्ये हेच क्रियापद वापरतात. आपणही ‘फळ धरले’ म्हणतो. झाडावरच्या शंभर फुलांपैकी सामान्यतः पाचांचीही फळे टिकत नाहीत, हे लक्षात घेतले की ‘धरणे’ किती नेमके आहे ते कळते.

आपले सर्वच शब्द निर्दोष आहेत असे नाही. ‘बहार’ म्हणजे एका वेळी आलेली फुले आणि त्यांपासून मिळणारे पीकही. शास्त्रीय लेखनात हे दोन अर्थ वेगळे करून सांगावेच लागतील. लोकांचा शब्द म्हणून तो तपासल्याशिवाय स्वीकारू नये, आणि संस्कृत म्हणून दुसरा शास्त्रीयही समजू नये.

ही तपासणी वर्गातही करता येईल. शिरड शहापूरच्या शाळेजवळ मोसंबीचे किंवा लिंबाचे झाड असेल, तर शिक्षकांनी त्याच्या दहा फांद्यांना दोरे बांधावेत. विद्यार्थ्यांनी दर आठवड्याला डोळे, कळ्या, फुले आणि धरलेली फळे मोजून चार वेगळ्या रकान्यांत लिहावीत. पहिल्या दोन रकान्यांना एकच नाव दिले तर नोंद कशी बिघडते, हे त्यांना स्वतःच दिसेल.