सहा हजार वर्षांचा हट्ट

भूगर्भशास्त्राच्या पहिल्या वर्षात शिकणारी आमच्या धर्मग्रामातील एक मुलगी मागील पावसाळ्यात एक जाडजूड इंग्रजी पुस्तक घेऊन माझ्याकडे आली. परदेशी नोकरीस असलेल्या तिच्या मामांनी ते मोठ्या प्रेमाने पाठविले होते. "फादर, कॉलेजात शिकवतात की पृथ्वी साडेचार अब्ज वर्षांची आहे. मामा म्हणतात, ते मानलंस तर बायबल खोटं ठरतं. मग मी काय सोडू, कॉलेज की चर्च?" तिच्या स्वरात थट्टा नव्हती. पुस्तकाचे नाव 'द जेनेसिस फ्लड'. सेमिनरीत असताना या ग्रंथाविषयी ऐकले होते. तो पानोपान वाचण्याचा योग मात्र आता आला.

१९६१ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या या ग्रंथाचे लेखक दोघे. जॉन व्हिटकम हे जुन्या कराराचे अध्यापक, तर हेन्री मॉरिस हे जलप्रवाहांचा अभ्यास केलेले अभियंते. सृष्टी सहा सौर दिवसांत निर्माण झाली, तिला काही हजार वर्षेच झाली आणि आज जमिनीत दिसणारे बहुतेक थर व जीवाश्म हे नोहाच्या काळातील एका वर्षाच्या जलप्रलयात साचले, हे त्यांचे प्रतिपादन. भाषा संयत आहे, तळटिपा विपुल आहेत. सामान्य वाचक दबून जावा असाच हा ग्रंथाचा थाट आहे.

मामांची समजूत अशी की ही प्रेषितांपासून चालत आलेली श्रद्धा होय. वस्तुस्थिती वेगळी आहे. सहा हजार वर्षांचा हिशेब जुना आहे खरा. आयर्लंडचे अँग्लिकन आर्चबिशप जेम्स अशर यांनी १६५० साली वंशावळींची बेरीज करून सृष्टीचा आरंभ इसवी सनापूर्वी ४००४ या वर्षी ठरविला होता. परंतु सगळे खडक जलप्रलयाच्या पदरात टाकण्याचा आधुनिक उद्योग मुख्यत्वे जॉर्ज मॅक्रेडी प्राइस यांचा. हे सेव्हन्थ डे ॲडव्हेंटिस्ट पंथाचे, भूगर्भशास्त्र स्वतःच शिकलेले गृहस्थ. त्यांचा 'द न्यू जिऑलॉजी' हा ग्रंथ १९२३ सालचा. त्या काळचे उत्क्रांतिविरोधकही पृथ्वीच्या वयाविषयी एवढे आग्रही नव्हते. १९२५ साली टेनेसीतील गाजलेल्या स्कोप्स खटल्यात बायबलची बाजू मांडणारे विल्यम जेनिंग्ज ब्रायन यांनी साक्ष देताना मान्य केले की उत्पत्तीमधील दिवस चोवीस तासांचेच असले पाहिजेत असे नाही. म्हणजे ज्याला सनातन श्रद्धा म्हणून पुढे केले जाते, तिचे आजचे रूप आपल्या आजोबांच्या पिढीतले आहे.

ग्रंथाचा खरा कस लागतो तो पुराव्यांपाशी. टेक्सासमधील पॅलक्सी नदीच्या पात्रात डायनासोरच्या पावलांशेजारी माणसाची पावले उमटली आहेत, हा एक पुरावा लेखकांनी मांडला. त्यावर पुढे चित्रपटही निघाला. नंतरच्या तपासात दिसले की यांतील बरीच 'मानवी' पावले डायनासोरचीच होती, बोटांच्या खुणा गाळाने भरून गेल्या होत्या. काही तर मंदीच्या काळात गावकऱ्यांनी विकण्यासाठी कोरलेली. १९८६ साली मॉरिस यांच्याच संस्थेने हा पुरावा वापरू नये असा सल्ला दिला आणि चित्रपटही मागे घेण्यात आला. चूक कबूल करणे हे प्रामाणिकपणाचेच लक्षण. परंतु तोवर ती छायाचित्रे कितीएक श्रद्धावंतांच्या मनात घर करून बसली होती.

त्याहून बोलके उदाहरण किरणोत्सर्गाचे. खडकांतील युरेनियमचे शिशात रूपांतर होण्याची गती ठाऊक असल्याने त्यांचे वय काढता येते; क्लेअर पॅटरसन यांनी १९५६ साली अशा रीतीने पृथ्वीचे वय सुमारे ४५५ कोटी वर्षे काढले. हे खोडून काढण्यासाठी याच मंडळींनी १९९७ पासून आठ वर्षे संशोधन केले. निष्कर्ष काय? कोट्यवधी वर्षांइतके रूपांतर खडकांत झालेले आहे, हे त्यांनाही मान्य करावे लागले. मग म्हणाले, ते प्रलयादी प्रसंगी अतिवेगाने झाले असावे. पण तसे झाले असते तर त्या उष्णतेने पृथ्वीचे कवच वितळून गेले असते. या अडचणीचे उत्तर आपल्यापाशी नाही, असे त्यांनीच लिहून ठेवले आहे. नोहाचे तारू पाण्यात तरेल हो. वितळलेल्या खडकावर कसे तरेल?

त्या मुलीला मी घाटातल्या कातळाची आठवण दिली. सह्याद्रीचा काळा पाषाण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा, एकावर एक थर रचलेला. दोन थरांच्या मध्ये कोठे कोठे लालसर मातीचा पट्टा दिसतो. लाव्हा निवाला, त्याची झीज होऊन माती झाली, मग पुन्हा लाव्हा आला, याची ती खूण. मुंबईत वरळीला अशाच दोन थरांमधील गाळात बेडकांचे जीवाश्म सापडले आहेत. गोड्या पाण्याची तळी व्हावीत, त्यांत बेडूक नांदावेत, हे सारे एका वर्षाच्या महापुरात कोणत्या महिन्यात उरकले? 'द जेनेसिस फ्लड'च्या तर्कात या बेडकांना जागा नाही.

आपल्या ख्रिस्तसभेची पाटी कोरी आहे असे मी म्हणणार नाही. १६३३ सालचा गॅलिलिओवरील निवाडा आपल्याच नावावर आहे. तथापि उत्पत्तीच्या बाबतीत आपल्याकडे शहाणपणाची परंपरा जुनी आहे. चौथ्या दिवशी सूर्य झाला, तर आधीचे तीन दिवस कशाने मोजायचे, हा प्रश्न तिसऱ्या शतकात ओरिजेनने विचारला होता. निसर्गाविषयी वाटेल ते बोलून ख्रिस्ती माणसाने स्वतःचे आणि शास्त्राचे हसे करून घेऊ नये, असे संत ऑगस्टीन बजावतात. १९९३ साली पोपमहोदयांच्या बायबल आयोगाने अक्षरवादी वाचनास विचारशक्तीचा आत्मघात म्हटले आणि १९९६ साली संत जॉन पॉल दुसरे यांनी उत्क्रांतीचा सिद्धान्त केवळ कल्पना राहिलेला नाही, असे सांगितले. १९८१ साली आर्कान्सा राज्याने हे 'सृष्टिविज्ञान' शाळांत शिकविण्याचा कायदा केला, तेव्हा त्याविरुद्ध न्यायालयात गेलेल्यांत तेथील कॅथलिक बिशपही होते. १९८२ साली तो कायदा रद्द झाला.

या मंडळींची भीती मात्र मला समजते. माणूस म्हणजे निव्वळ योगायोगाने घडलेला प्राणी, असे विज्ञानाच्या नावावर सांगणारे लोक आहेत, आणि ते विज्ञानाच्या कक्षेबाहेर बोलतात. शिवाय बायबल वाचावे ते या मंडळींनी. आपल्या घरांत ते बहुधा शोकेसमध्ये असते. पण २०१६ साली केन्टकीत उभारलेले ५१० फुटांचे तारू, त्यातील पिंजऱ्यांतले डायनासोर आणि तिकिटाची खिडकी पाहिली की वाटते, भीतीचा व्यापार झाला आहे. त्यातला सर्वांत महाग सौदा त्या मुलीसारख्यांचा. देव किंवा खडक, यांपैकी एकच निवड असे तिला सांगितले. आणि प्रयोगशाळेत खडक खरा निघाला की ती काय टाकून देईल, याचा विचार कोणी केला नाही.

पुस्तक मी तिला परत दिले. समासात पेन्सिलीने बरेच खरडून ठेवले होते, ते पुसायचे राहून गेले. नाताळात मामा येणार आहेत. ते समास त्यांनाच वाचायचे आहेत, असा त्यांचा निरोप आला आहे.