करारांची क्रियापदे

लेखकाची पारख करावयाची असेल तर त्याची विशेषणे झाकून क्रियापदे वाचावीत, असे आम्ही वर्गात मुलांना सांगतो. विशेषणांनी कोणालाही नटता येते. हवामानबदलावरील आंतरराष्ट्रीय करार हे काही ललित वाङ्मय नव्हे. तरी त्यांनाही ही कसोटी लावून पाहण्यासारखी आहे. जगाच्या धुरीणांचे दुबळेपण त्यांच्या भाषणांत सापडायचे नाही, ते येथे सापडते.

2015 च्या पॅरिस करारातील चौथ्या कलमाचा चौथा परिच्छेद घ्या. हरितगृह वायूंच्या कपातीत श्रीमंत राष्ट्रांनी पुढाकार घेत राहण्याविषयीचे हे वाक्य, म्हणजे नेतृत्वाविषयीचेच! अखेरच्या मसुद्यात तेथे 'शॅल' होते, करणे भाग आहे अशा अर्थाचे. अमेरिकेने हरकत घेतली. बंधन आले की सिनेटची संमती आली, आणि ती मिळण्याची आशा नव्हती. मग तो शब्द मसुदा लिहिणाऱ्यांची तांत्रिक चूक ठरला आणि त्याजागी 'शुड' आले. 'केलेच पाहिजे' याचे 'करावे' झाले. व्याकरणाच्या तासाला याहून नामी उदाहरण कोठून आणावे?

कोणी म्हणेल, शब्दांत काय आहे? 1997 च्या क्योटो कराराची भाषा बंधनाचीच होती ना? होती खरी. पण अमेरिकेने त्याला कधी मंजुरी दिली नाही, आणि 2011 मध्ये कॅनडाने अंग काढून घेत असल्याचे जाहीर केले. म्हणून पुढे शब्द सैल केले, सगळ्यांना मांडवात आणण्यासाठी. मांडव भरला, तरी अमेरिका 2020 मध्ये त्यातूनही उठून गेली, 2021 मध्ये परतली, आणि 2025 च्या जानेवारीत तिने पुन्हा निघण्याचे जाहीर केले. शिवाय या परिषदांना मतदानाचा नियम आजवर संमतच करता आलेला नाही. सर्वसंमती हवी, तेव्हा सर्वांत नाखूश असलेल्याच्या घशाखाली उतरेल तेच क्रियापद टिकते.

आपणही यातून सुटलेलो नाही. 2021 मध्ये ग्लासगोला कोळशाची वीज टप्प्याटप्प्याने 'बंद' करण्याऐवजी 'कमी' करणे, हा बदल अगदी अखेरच्या घटकेला भारताने मांडला. परिषदेचे अध्यक्ष आलोक शर्मा यांचा क्षमा मागताना कंठ दाटून आला होता. एकट्या कोळशावर बोट ठेवून तेल आणि वायू यांना का सोडता, हा आपला सवाल रास्त होता. पण मग त्यांच्यासाठीही 'बंद' हेच क्रियापद मागावयाचे! पुढल्या वर्षी भारताने सर्व जीवाश्म इंधनांचा उल्लेख मागितला, तोही 'कमी' करण्याचाच. आणि तेवढादेखील मिळाला नाही.

2023 मध्ये दुबईत या इंधनांपासून 'दूर जाण्याचे' ठरले. परिषदेचे अध्यक्ष एका सरकारी तेल कंपनीचे प्रमुख होते, हे जाता जाता. त्यानंतर 2025 च्या नोव्हेंबरात ब्राझीलमधील बेलेम येथे, दूर कसे जायचे याचा आराखडा 80 हून अधिक देशांनी मागितला. परिषदेच्या मुख्य निर्णयात जीवाश्म इंधनांचे नावही आले नाही.