वारली चौक आणि संग्रहालयातील बालक

डहाणू तालुक्यातील रानशेत व आसपासच्या वारली पाड्यांत लग्नाचा चौक काढीत नाहीत, तो ‘लिहितात’. ‘लिख्’ या संस्कृत धातूतही कोरणे, चितारणे व अक्षर उमटविणे हे अर्थ एकत्र नांदतात, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. गेरूने सारवलेल्या भिंतीवर सवाष्णी तांदळाच्या पिठाने पालघट देवीचा चौक लिहितात, धवलेरी गाणी म्हणते, आणि घरची मुले त्याच गर्दीत बसून ते पाहतात व ऐकतात.

१९७० नंतरच्या दशकात जिव्या सोमा म्हशे (१९३४–२०१८) प्रभृतींच्या हातून ही चित्रे कागदावर व कापडावर आली आणि पुढे संग्रहालयांत पोचली. या स्थलांतरात चित्र टिकले, गाणे मात्र मागे राहिले. काचेमागे, प्रौढांच्या दृष्टिरेषेत टांगलेल्या चौकापुढे चार वर्षांच्या मुलास उचलून धरावे लागते. आणि खालच्या पाटीवर ‘आदिवासी कला’ एवढेच असेल, तर आईने त्याला सांगावे तरी काय?

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाने २०१९ साली आपल्या आवारात मुलांसाठी स्वतंत्र संग्रहालय उघडले, ही गोष्ट स्वागतार्ह होय. तथापि मुलांची सोय अन्यत्र केली म्हणून मुख्य दालनांची जबाबदारी सरत नाही. वारली घरात मुलांचा चौक निराळा नसतो. वारली चित्रे जेथे जेथे मांडली आहेत, तेथे ती जमिनीलगत आणावीत, पुढे मांडी घालून बसण्यापुरती जागा ठेवावी, धवलेरीचे गाणे ऐकवावे. आकृतींची नावेही प्रथम वारली बोलीत द्यावीत, प्रमाण मराठी त्याखाली.