विरामचिन्हांचा नकार : कोलटकर आणि कमिंग्ज

अरुण कोलटकर (१९३१–२००४) यांच्या कवितेतील मुद्रणविषयक प्रयोगांचा विचार करताना ई. ई. कमिंग्ज (१८९४–१९६२) हा अमेरिकन कवी आठवणे स्वाभाविक आहे. साम्ये वरवरची नाहीत. दोघेही चित्रकाराच्या नजरेने पानाकडे पाहणारे. कमिंग्ज आयुष्यभर चित्रे काढीत राहिला, तर जे. जे. कला महाविद्यालयात शिकलेले कोलटकर जाहिरातक्षेत्रातील नामवंत कलावंत होते. चौदा प्रकाशकांनी नाकारलेला संग्रह कमिंग्जने १९३५ साली आईच्या पैशांतून काढला आणि त्या प्रकाशकांची नावे अर्पणपत्रिकेत अस्थिकलशाच्या आकारात मांडली. कोलटकरांची इंग्रजी ‘जेजुरी’ (१९७६) कवींनीच चालविलेल्या क्लिअरिंग हाउसने, तर ‘अरुण कोलटकरच्या कविता’ (१९७७) अशोक शहाणे यांच्या प्रास प्रकाशनाने प्रसिद्ध केली. प्रस्थापित प्रकाशनव्यवहाराबाहेर राहिल्यामुळेच पानाच्या मांडणीवरील अधिकार दोघांनाही राखता आला.

तथापि एवढ्यावरून प्रभावाचा निष्कर्ष काढल्यास एक मूलभूत भेद दृष्टीआड होतो. नियमोल्लंघनाला अर्थ येतो तो त्या त्या भाषेच्या लेखनसंकेतांमुळे. प्रथमपुरुषी सर्वनाम लहान लिपीत लिहून कमिंग्ज इंग्रजीतील ‘मी’चा ताठा उतरवितो. देवनागरीत अक्षरांचा असा लहानमोठा भेदच नाही. शिवाय मराठी क्रियापद पुरुष, वचन आणि पुष्कळदा लिंगही सूचित करीत असल्याने ‘मी’ गाळूनही वाक्य उभे राहते. अहंच्या संकोचासाठी लिपीशी झगडावे लागत नाही.

विरामचिन्हांबाबतही हेच म्हणता येईल. ती मराठीत रूढ झाली एकोणिसाव्या शतकात, मुद्रणाबरोबर आणि मेजर कँडी यांच्यासारख्यांच्या प्रयत्नांनी. त्यापूर्वीची ओवी आणि अभंग दंडावर आणि कंठावर विसंबून होते. म्हणून इंग्रजीत विरामचिन्हे टाकणे हा संकेतभंग ठरतो. मराठीत मात्र त्याच कृतीत पूर्वपरंपरेकडे परतण्याचीही शक्यता असते.

कोलटकरांच्या द्वैभाषिक लेखनात हा भेद स्पष्ट दिसतो. ‘जेजुरी’त देवस्थान आणि रेल्वेस्थानक यांच्या दरम्यान कोंबड्या नाचतात, तेव्हा शब्दच पानावर वरखाली उड्या घेतात, तेथे डोळा प्रमाण. ‘चिरीमिरी’त (२००३) मात्र बळवंतबुवांचे बोलणे ऐकू येते. वाक्य कोठे थांबते हे तेथे चिन्हांपेक्षा बोलीची लय अधिक सांगते. वाचकाला ओळ मनातल्या मनात म्हणावी लागते. आधुनिक अनियमितता आणि भजनी मंडळींची मौखिकता येथे एकाच ओळीत नांदतात.

तेव्हा कोलटकरांना ‘मराठीतील कमिंग्ज’ म्हणणे हे गौरवाचे वाटले, तरी त्यात मराठीला केवळ ग्रहण करणारी भाषा मानले जाते. तौलनिक अभ्यासाने कोणी कोणाकडून काय घेतले याच्या पुढे जाऊन, तीच कृती दोन लिप्यांत दोन अर्थ कशी धारण करते हे तपासणे अगत्याचे आहे.