एक वही, तेहतीस घरं आणि 'आवाज' हा शब्द

आजच्या व्याख्यानासाठी मी एकच पुस्तक निवडलं आहे : एमन डफी या इतिहासकाराचं 'द व्हॉइसेस ऑफ मोअरबाथ'. ते 2001 साली प्रसिद्ध झालं. विषय म्हणाल तर अगदी लहान. इंग्लंडच्या डेव्हन परगण्यात, एक्समूरच्या कडेला मोअरबाथ नावाचं खेडं आहे. सोळाव्या शतकात तिथे साधारण तेहतीस कुटुंबं राहत होती. मेंढ्या पाळणारी, गरीब. त्यांचं सेंट जॉर्जचं चर्च, आणि त्या चर्चच्या जमाखर्चाची एक वही. एवढ्यावर हे पुस्तक उभं आहे.

वही लिहिली ती तिथल्या धर्मगुरूने, सर ख्रिस्तोफर ट्रिकी याने. हा 'सर' म्हणजे सरदारकी नव्हे. त्या काळी साध्या पाद्र्यालाही तसं म्हणत. हा माणूस 1520 मध्ये गावात आला आणि 1574 मध्ये मरेपर्यंत तिथेच राहिला. आठवा हेन्री, सहावा एडवर्ड, मेरी आणि एलिझाबेथ अशा चार राजवटी त्याने एकाच वेदीपाशी उभं राहून पाहिल्या. प्रत्येक राजवटीत धर्म बदलला, पाद्री तोच राहिला.

आता वहीत काय आहे ते बघा. चर्चमध्ये निरनिराळे निधी होते : तरुण मुलांचा, कुमारिकांचा, मेरीमातेचा, सेंट जॉर्जचा. काही निधींच्या नावे मेंढ्या असत. त्या गावातल्या घराघरांत सांभाळायला दिलेल्या असायच्या, आणि लोकर विकून आलेल्या पैशातून मूर्तीपुढचे दिवे जळायचे. सेंट सिडवेल ही एक्सेटरची संत ट्रिकीने गावात रुजवली. बायका तिला जपमाळा, अंगठ्या वाहत. ज्या गावाकडे पैसा नाही, त्या गावाचा धर्म असा मेंढीच्या पाठीवरून चालत होता.

1547 पासून एडवर्डच्या सरकारने हे सगळं मोडीत काढलं. मूर्ती गेल्या, दिवे विझले, निधी बंद झाले, मेंढ्या विकल्या गेल्या. यातली एक नोंद मला विसरता येत नाही. मृतांसाठीच्या प्रार्थनाविधीला काळी वस्त्रं हवीत म्हणून ट्रिकी जवळजवळ वीस वर्षं पैसे साठवत होता. ती वस्त्रं आली 1547 मध्ये. म्हणजे ज्या विधीसाठी ती घेतली, तो विधीच बंद होण्याच्या उंबरठ्यावर!

पुढे 1549. इंग्रजी प्रार्थनापुस्तक सक्तीचं झालं आणि डेव्हन-कॉर्नवॉलमध्ये बंड पेटलं. बंडखोरांनी एक्सेटरला वेढा घातला. मोअरबाथच्या वहीत पाच तरुणांना शस्त्रं आणि खर्ची देऊन छावणीकडे पाठवल्याची नोंद आहे. ही छावणी बंडखोरांची, असं डफी त्या स्थळनामाच्या वाचनावरून दाखवतात. तसं असेल तर गावाने चर्चच्या पैशातून राजाविरुद्ध माणसं धाडली आणि हिशेबातही लिहून ठेवली. मला त्यांचा निष्कर्ष पटतो.

आता माझा आक्षेप. पुस्तकाच्या नावात 'आवाज' अनेकवचनी आहे, लेखणी मात्र एक. मग अनेकांचा आवाज कुठून आला?

डफींचं उत्तर असं की हा हिशेब चर्चमध्ये सगळ्यांसमोर मोठ्याने वाचला जात असे. हे उत्तर वजनदार आहे, पण त्याची मर्यादा ओळखली पाहिजे. कोणी मेंढी दिली, कोणी किती पेन्स दिले, यात देणाऱ्याच्या तोंडावर खोटं वाचता येत नाही. म्हणजे कृतीपुरती ही गावाची साक्ष झाली. दुःख, हळहळ, श्रद्धा यांचं तसं नाही. कोणी गप्प बसून ऐकलं, म्हणून त्याला तसंच वाटत होतं असं ठरत नाही. तर्कशास्त्रात याला आपण सरळ उडी म्हणू.

एक उदाहरण देतो. एडवर्डच्या काळात चर्चची कशी रया गेली, हे ट्रिकीने फार कळवळून लिहिलं आहे. पण लिहिलं कधी? मेरीच्या राज्यात, जेव्हा तसं म्हणणं हेच सरकारी मत होतं. कळवळा खोटा होता असं मी म्हणत नाही. एवढंच की तो एका माणसाचा, आणि सोयीच्या वेळी उच्चारलेला आहे. तो साऱ्या गावाच्या तोंडी घालताना डफींनी आणखी थांबायला हवं होतं.

गावाचे खरे अनेक आवाज मला वेगळ्याच पानांवर ऐकू येतात. 1530च्या दशकात चर्चच्या कारकुनाला कोणी किती द्यायचं यावरून दीर्घ भांडण झालं. घरटी पैसे, शेतकऱ्यांकडून धान्य, म्हणजे आपल्या बलुत्यासारखंच. तिथे कोण अडून बसलं, कोण नमलं, तडजोड कशी झाली, हे दिसतं. एकमताचा सूर नाही, म्हणून ती पानं जास्त बोलतात.

तरी हे पुस्तक मोठं का? कारण डफी शेवट लपवत नाहीत. ते स्वतः कॅथलिक. जुन्या धर्मासाठी झटलेला हा पाद्री एलिझाबेथच्या काळात नव्या रीतीने उपासना चालवतो, हे त्यांच्या सहानुभूतीला अडचणीचं आहे. तरी ते तो बदल पुरता मांडतात. ट्रिकीला भित्रा म्हणावं का? त्याची निष्ठा सिद्धांतापेक्षा त्या तेहतीस घरांशी होती, त्यांना सोडून तो कुठे जाणार होता, असं मला वाटतं. पण हेही माझं अनुमान आहे, वहीतली नोंद नव्हे.

गावाचा इतिहास लिहू पाहणाऱ्यांनी एवढं जरूर घ्यावं : हिशेबाची वही लोकांनी काय केलं हे सांगते. त्यांना काय वाटलं हे लिहायला बसाल, तेव्हा ते वाक्य तुमचं आहे हे वाचकाला कळू द्या.