‘खोटे मित्र’ : एका संज्ञेचा पुनर्विचार

ध्वनिसाम्य असून अर्थभेद दाखविणाऱ्या इंग्रजी-फ्रेंच शब्दांना केस्लर व देरोकिन्यी यांनी १९२८ साली ‘खोटे मित्र’ म्हटले. ग्रंथाच्या शीर्षकातच विश्वासघाताचा दोष मात्र इंग्रजी शब्दसंग्रहाच्या माथी मारला. हा निवाडा एकतर्फी होय. इंग्रजी ‘लायब्ररी’ म्हणजे ग्रंथालय, आजची फ्रेंच ‘लिब्रेरी’ म्हणजे पुस्तकांचे दुकान. परंतु चौदाव्या शतकात इंग्रजीने हा शब्द फ्रेंचमधूनच घेतला, आणि तोही ग्रंथसंग्रह याच अर्थाने. सोळाव्या शतकात माँतेन्यसुद्धा आपल्या मनोऱ्यातील ग्रंथदालनाला ‘लिब्रेरी’च म्हणतो. पुढे ग्रीकमूलक ‘बिब्लिओतेक’ने ती जागा घेतली. म्हणजे येथे पालटला तो धनको; ऋणकोने ठेव जपली. ‘सेन्सिबल’चा प्रकार निराळा: ‘संवेदनशील’ हा फ्रेंच अर्थ इंग्रजीतही एकेकाळी रूढ होता, तो तेथेच मागे पडला.